ती कामाला येते

थोरली बोलण्यात पटाईत, धाकटी कात्रीत. दोघी जावा. धाकटीचा नवरा लग्नानंतर चौथ्याच वर्षी गेला, तेव्हा थोरलीनेच तिला हाताला धरून मागच्या खोलीत आणलं आणि दोघींनी दवाखान्यांचे ॲप्रन शिवायला घेतले. धाकटी असं बेतायची, की चिंधीसुद्धा वाया जायची नाही. नफा असो की डोकेदुखी, सगळं निम्मं निम्मं.

अडायचं ते घराबाहेर. थोरलीने नेलेला नमुना हातातही न घेता दुकानदार म्हणायचा, "साहेबांना पाठवा ना, बोलू." साहेब म्हणजे थोरलीचा नवरा. त्याला काजं कशाला म्हणतात तेही ठाऊक नव्हतं, पण तो गेला की लगेच चहा यायचा. बँकेतही तेच. नव्या मशीनसाठी कर्ज हवं, तर तारण हवं. तारण म्हणजे घर, आणि घर त्याच्या नावावर. मग अर्जात मालक म्हणून त्याचंच नाव पडलं.

"कागदापुरतं गं," थोरली म्हणाली.

"कळतंय मला," धाकटी म्हणाली.

पुढे एका मोठ्या हॉस्पिटलची ऑर्डर निघाली. तिथला खरेदी अधिकारी पाहणीला आला. थोरलीने नवऱ्याची मालक म्हणून ओळख करून दिली.

"आणि या?"

धाकटी गुडघाभर कापडात उभी होती. भागीदार म्हटलं तर हा माणूस भागीदारीचा कागद मागेल, ऑर्डर हातची जाईल, हे थोरलीच्या डोक्यात चमकून गेलं.

"ती कामाला येते."

धाकटीने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कात्री चालवली. ऑर्डर मिळाली.

संध्याकाळी समजावू, असं थोरलीने ठरवलं. संध्याकाळी जीभ उचलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आधी "आज काय घ्यायचं आपण?" म्हणणारी धाकटी आता "काय कापू?" एवढंच विचारायची. कडाकडा भांडली असती तरी थोरलीला बरं वाटलं असतं. वर्षभराने धाकटी एक खोली भाड्याने घेऊन वेगळी झाली.

मग कानावर आलं, की तिला कुणी कर्ज देईना. धंदा केल्याचा पुरावा मागतात. नऊ वर्षं केला होता. कागदावर एक दिवसही नाही.  थोरली तडक बँकेत गेली.

"साहेब, ती माझी भागीदार होती. खोटं मी बोलले."

मॅनेजरनी फाइल चाळली. "पण बाई, यात तुमचंही नाव नाहीये."

थोरली ओशाळून बाहेर पडली. घरी न जाता तिने हॉस्पिटल गाठलं आणि खरेदी अधिकाऱ्याला सगळं सांगितलं.

"कटिंग सगळं तिचं. विश्वास नसेल तर समोर बसवून कापायला लावा."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"भ्याले."

त्याने धाकटीला बोलावून घेतलं, काम पाहिलं आणि मुलांच्या वॉर्डच्या गाउनची छोटी ऑर्डर तिच्या नावाने काढली.

चार दिवसांनी धाकटी दारात आली. "ताई, हॉस्पिटलच्या साहेबांना सगळं सांगितलंत म्हणे."

"फार उशीर केला गं मी."

"केलातच."

तिने पाणी घेतलं, पोरांच्या अभ्यासाची चौकशी केली आणि काम पडलंय म्हणून उठली. थोरलीने तिला जिन्यापर्यंत सोडलं. मनातून माफ केलंस का, हे विचारायचं धाडस तिला अजून झालेलं नाही.