पदरावरचा पिवळा डाग

माझ्या लिव्हरवरची गाठ सुई घालून जाळली, ते साल दोन हजार आठ. मला सांगितलं होतं, साधी गाठ आहे, चामखीळ जाळतात तशी जाळायची, टाकासुद्धा पडत नाही. मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? सांगणारे माझे मालक होते, आणि त्यांच्या शेजारी मान डोलावत उभी होती माझी धाकटी जाऊ. सासरी, घोटावड्यात, हीच दोन माणसं माझी. कागद सगळे इंग्रजीत. डॉक्टरही बोलायचे ते मालकांशी, दाराबाहेर नेऊन. मला वाटायचं, पैशाचं बोलत असतील.

घरी आले तेव्हा लेकीची सोयरीक नुकतीच जुळली होती. मुलगा हिंजवडीच्या कंपनीत, माणसं साताऱ्याकडची, तालेवार. साखरपुडा आमच्या दारात करायचा ठरला. अंगण सारवणं, पाहुण्यांसाठी वरच्या भाडेकरू पोरांकडून दोन खोल्या मागून घेणं, एक का काम! त्यातच मला हुडहुडी भरून ताप यायला लागला. मग उजवा खांदा धरला. दुखणं पोटाच्या वर आणि कळ खांद्यात, मला काही समजेना. मालक रोज बसून खांद्याला बाम चोळायचे. इतक्या मायेनं चोळायचे की मला लाज वाटायची. आज तो बाम दिसला तरी डोकं फिरतं.

पुढं खोकला लागला. सुरुवातीला कोरडा होता, मग बेडका पडायला लागला, हळदीच्या पाण्यासारखा पिवळा आणि कडूजहर. उजव्या कुशीवर झाले की जास्तच यायचा. जावेनं बघितलं आणि म्हणाली, "पित्त पडतंय आक्का. पडू द्या, मोकळं वाटंल." आमच्याकडे पित्त पडलं की बाई बरी झाली असंच धरतात. लगेच आमसुलाचं पाणी झालं, मोरावळा झाला.

मी म्हटलं, "अगं, उलटीतनं न्हाई पडत, खोकल्यातनं पडतंय. पोटातलं पित्त छातीत कसं जाईल?"

"तुमी लई इचार करता," ती म्हणाली आणि मालकांकडे बघितलं. मालकांनी मान फिरवली. ती नजरानजर मी बघितली, पण साखरपुड्याच्या गडबडीत सोडून दिली.

साखरपुड्याला मी अंगात ताप घेऊन पाटावर बसले. ऐन ओटी भरताना खोकल्याची उबळ आली. तोंडावर पदर धरला, तर नव्या मोतिया रंगाच्या साडीवर हा एवढा पिवळा डाग. विहीणबाई बघायला लागल्या. जाऊ पटकन पुढं झाली, पदर आत खोचला आणि हसत म्हणाली, "आक्कांना पोरीच्या आधीच हळद लागली बघा!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, येड्यासारखी.

पंगत उठेपर्यंत माझा श्वास पुरेना. तेव्हा कुठं मालकांनी जीप काढली.

पुण्यात त्याच डॉक्टरांनी मला पिकदाणीत खोकायला लावलं. बेडका नीट न्याहाळला, तपासायला पाठवला, छातीचा आणि पोटाचा स्कॅन केला. मग मालकांवर असे कडाडले की नर्सबाई दचकल्या. "ताप, खांदा, खोकला, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी आणा, असं बजावलं होतं ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "त्यास्नी बजावलं? मग मला का न्हाई सांगितलं? आजार कुणाला झालाय?"

मालक डॉक्टरांकडे बघायला लागले. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "कॅन्सरची गाठ होती, बाई. लहान होती, जळून गेली. तुम्हाला सांगू नका म्हणून घरच्यांनी हात जोडले होते." म्हणजे हेही त्यांतलेच.

जाळल्या जागी पू झाला होता. त्यानं पोट आणि छाती यांच्यामधला पडदा पोखरला आणि पित्त फुप्फुसात शिरलं. फार क्वचित होतं असं, पण झालं की खोकल्यातून पडणारं हे कडू पिवळं पाणीच त्याची खूण. बरगड्यांतून नळी घालून पू काढला. तोंडातून दुर्बीण सोडून पित्ताच्या वाटेत बारीक नळी बसवली, म्हणजे पित्त खाली आतड्यात उतरेल, वर चढणार नाही. तरीही छातीकडची ती वाट बुजली नसती तर छाती उघडावी लागली असती. तेवढं टळलं. बेडका हळूहळू पांढरा झाला.

मालकांशी मी बोलणं टाकलं. डबा घेऊन यायचे, कोपऱ्यात बसायचे. एकदा मीच भर वॉर्डात ओरडले, "पोरीच्या सोयरिकीपायी मला मारायला निघाला व्हता व्हय?" त्यांनी खाली बघितलं आणि डबा उघडून माझ्यापुढं सरकवला. माझा संताप आणखीच वाढला. आणि आजाराचं कळल्यावर विहीणबाई काय म्हणाल्या? काही नाही. फळं घेऊन आल्या, माझ्या उशाशी बसल्या.

घरी आल्यावर बरगडीतल्या दुखण्यानं हात वर होईना, म्हणून लेक माझे केस विंचरायची. एका सकाळी तिचा हात थांबला.

"आई, आबांना बोलू नकोस. ताप आला तेव्हाच ते तुला न्यायला निघाले होते. मीच आडवी आले. म्हटलं, कॅन्सर कळला तर ही माणसं उठून जातील. साखरपुडा होऊ दे, मग न्या."

"जीवावर बेतंल, हे तुला ठाऊक व्हतं?"

"डॉक्टर सांगत होते तेव्हा मी तिथंच होते."

तिनं वेणी घातली, गुंता न ओढता, अगदी हळुवार. नवऱ्यावर ओरडता येतं, जावेला टोमणे मारता येतात. पोटच्या पोरीला काय म्हणायचं? मला विचारलं असतं, तर मीच थांबले असते तिच्यासाठी. पण विचारायला तर हवं होतं.

लग्न थाटात झालं. पाठवणीला अख्खा मांडव रडत होता, मालक तर लहान पोरासारखे. लेक गळ्यात पडली, हुंदके देत. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही.

"रडा की आक्का, लोकं बघत्यात," जाऊ कुजबुजली.

"बघू दे."

लेक गाडीत बसली. मी हात हलवीन म्हणून काचेतून बघत राहिली. गाडी सुटायच्या आत मी घरात गेले.