मापवालीची भिंत

आमच्या शेजारच्या मापवालीला नाव आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर. कपडे शिवण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नाही. घरात ती आणि दम्याची सासू. सुनेनं स्वयंपाकघरात पीठ चाळलं तरी सासूबाईंना आतल्या खोलीत खोकला येतो. त्यामुळे ओट्यामागची खडबडीत भिंत वर्षानुवर्षं तशीच राहिली. मागे एकदा खिडकीचं काम काढलं, तर धुळीनं म्हातारीला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं होतं.

म्हणून यंदा मापवालीनं मागचा कागद सोलून चिकटवायच्या टाइल आणल्या. भिंतीवरचा तेलकटपणा पुसला आणि उंचवट्यांवर टाइल ताणून बसवल्या. कापड ताणलं की बसतं, टाइल बसत नाही. सकाळी पाहिलं, तर अकरा टाइल ओट्यावर पडलेल्या.

शेवटी तिनं बोलावलेल्या गवंडीभाऊंनी भिंतीवर बोट वाजवून पाहिलं. "ताई, ही टेंगळं छिन्नीनंच जातील. आजींना तेवढ्यापुरतं हलवा."

"कुठे हलवू? तुमच्या सायकलवर?"

आतून आवाज आला, "सायकल चालेल मला. पण मी पुढे बसणार."

मापवाली हसली नाही. डोळे मिटून ती भिंतीवरून तळवा फिरवत राहिली. मग शिवणाच्या खडूनं तिनं एकेका खळग्याभोवती रेघ ओढली.

"भाऊ, गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असला तर मी दुसरा कापत नाही. उतरत्याला आतून पॅड लावते. टेंगळं राहू द्या, खळगे भरा."

"पुट्टीचे तीन हात लागतील. शिवाय घासताना धूळ आहेच."

"घासायचं कशाला? ओली असतानाच ओल्या स्पंजनं सारखी करा."

भाऊंनी कपाळाला हात लावला, पण थापी उचलली. रोज एक हात, चौथ्या दिवशी प्रायमर, पाचव्या दिवशी टाइल. या वेळी तिनं त्या ताणल्या नाहीत; मधून कडांकडे तळव्यानं दाबत, हवा काढत बसवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, तर ती एकेका टाइलचा कोपरा अंगठ्यानं चाचपत होती. एकही सुटला नव्हता. आतल्या खोलीत सासूबाई तोंडाला रुमाल बांधून ताठ बसलेल्या.

"काय गं, भिंत फोडायला कधी घेताय?"

मापवाली ओट्याला टेकली. आठवडाभर अडकलेला श्वास तिनं सोडला.

"झालं काम, आई. सोडा तो रुमाल."