तिसगावच्या पत्र्याच्या शेडमधली आराधना

"मावशीनं आपलं चर्च सोडलंय. आता शुगरच्या गोळ्याही सोडेल. तू जाऊन बघ." आईचा असा फोन आला आणि मी बॅग भरली. तिसगावात कोणी नवा पाळक आलाय, मनापासून स्तुती केली की देव येतो आणि आजार नेतो, असं सांगतोय म्हणे. मी पुण्यात आमच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो. कोणते सूर धरून ठेवले की लोकांचे डोळे भरतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे हा देव कुठून येतो याचा अंदाज मला घरबसल्याच आला होता.

पुण्याहून नगरला एसटीनं जा, पण वाघोलीच्या गर्दीसाठी वेळ हाताशी ठेवा. नगरला पाथर्डीची किंवा शेवगावची गाडी पकडायची. करंजीचा घाट ओलांडला की चहा घ्यावा, भजी गरम असतील तरच घ्यावीत. माझी नव्हती.

काका गेल्यापासून मावशी एकटीच असते. तिनं हुलग्याची शेंगोळी केली होती, सोबत बाजरीची भाकरी. अशी शेंगोळी पुण्यात मिळत नाही, उगाच शोधू नका. ती ताट आणायला वळली तेवढ्यात मी फडताळात डोकावलो. गोळ्यांचं पाकीट अर्धं रिकामं होतं. पण त्यावरून ती आजही गोळ्या घेते की कधीच बंद केल्यात, हे कसं कळणार?

रविवारी तिच्याबरोबर त्या नव्या पाळकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. कडेला बसलात तर बरं, मध्ये पत्रा फार तापतो. गाणी सुरू झाली, टाळ्या वाढल्या. मी देवाकडे नाही, कीबोर्डवाल्याकडे बघत होतो. पाळकानं पाठीमागे दोन बोटं हलवली, कीबोर्डवाल्यानं लगेच आवाज खाली आणून एकच सूर लांबवला आणि पाळक म्हणाले, "प्रभूची उपस्थिती उतरतेय! देव आपल्या लेकरांच्या स्तुतीत राहतो!" माझ्याही अंगावर काटा आला. त्याचा मला जास्तच राग आला.

"ज्यांचा विश्वास हाय, त्यांनी गोळ्या हितं पुढं आणून ठेवा!" पाळकांनी पुकारा केला.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं उठून आपलं गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. मावशीनं पर्स उघडली. मी तिचं मनगट धरलं.

"सोड रे," ती म्हणाली. तिनं एक गोळी काढली, तोंडात टाकली आणि वर बाटलीतलं पाणी प्यायली. मग दोन्ही हात वर करून बेसूर, पण सगळ्या शेडमध्ये ऐकू जाईल अशी गायला लागली.

उपासना संपल्यावर जाता जाता तिनं टेबलावरचं पाकीट उचललं आणि म्हाताऱ्याच्या बायकोच्या पिशवीत टाकलं. "ह्यांना जेवल्यावर द्या, वहिनी."

रस्त्यात मी उसळलो. "तुला सगळं कळतं, मग येतेस कशाला? तो पाळक कीबोर्डवाल्याला बोटानं इशारे करतो!"

"बगितलंय की. मी काय आंधळी हाय?"

"मग?"

"आपल्या चर्चमदी जरा वर आवाज काढला की माणसं माना वळवून बघत्यात. ह्ये गेल्यापास्नं घरात बोलायला बी कुणी न्हाई. हितं मी वरडून गाते. गाताना देव जवळ असतो माज्या. त्यो कीबोर्ड वाजो न्हाईतर न वाजो."

चालता चालता तिनं विचारलं, "तू वाजवतोस तवा गातोस का?"

"मला लोकांकडे लक्ष ठेवावं लागतं."

"व्हय, आज बी तेच करत हुतास."

पुण्याला येऊन आईला सांगितलं की मावशी गोळ्या घेते, काळजी नको. त्या पाळकावरचा माझा संशय मात्र तसूभरही कमी झालेला नाही. तिसगावला जाल तर तुमच्या गोळ्या खिशातच ठेवा.

पुढच्या रविवारी नेहमीसारखा कीबोर्डपाशी बसलो. दुसऱ्या कडव्याला तोंड उघडलं. आवाज घोगरा निघाला, डावा हात चुकला, पहिल्या बाकावरच्या दोन बायकांनी मान वळवून पाहिलं. मला मावशी आठवली. मी आणखी मोठ्यानं गायलो.