न धुतलेलं पान

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी वनस्पतिशास्त्र शिकत होते. शिवडीच्या खाडीतल्या तिवरांवर, म्हणजे चिखलात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडांवर, माझा प्रबंध चालला होता. ओहोटी बघून परळच्या चाळीतून चालत निघायचं, पानं तोडायची, घरी आणून नळाखाली लख्ख धुवायची आणि कागदात दाबून वाळवायची. चिखलाचा डाग दिसला की सर पान परत करायचे. तिवरांबद्दल अजून काय शोधायचं राहिलंय, याची यादी त्यांना प्रबंधाच्या शेवटी हवी होती. ती मी आधीच लिहून मोकळी झाले होते. मोठी शहाणी ना मी!

त्या सकाळी मी पानं तोडत असताना लालबागच्या बाजूने गोळीबाराचे आवाज आले. थोड्या वेळाने रस्त्यावरून माणसं पळताना दिसली, मागे पोलीस. मी झाडीत आणखी आत शिरले आणि एका खोडाला मिठी मारून उभी राहिले.

पाय गार पडले म्हणून खाली पाहिलं, तर पाणी घोट्याच्या वर आलेलं. बघता बघता ते गुडघ्याला लागलं. रस्त्यावर गेले तर गोळी. आणि थांबले तर? तेच मला ठाऊक नव्हतं. वर्षभर त्या झाडांत वावरून भरती कुठवर चढते हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

"अगो, मरायचंय काय?" खेकडे धरणारी एक कोळीण पाणी तुडवत माझ्याकडे येत होती.

"बाहेर पोलीस आहेत," मला रडूच फुटलं. "पाणी कुठवर येईल हो मावशी?"

माझ्या डोक्यावरची फांदी ओढून तिने एक पान दाखवलं. त्यावर वाळलेला चिखल होता. "हितवर. रोज नाय, पन आज पुनव हाय."

हाताला धरून तिने मला ओढतच बाहेर काढलं आणि संध्याकाळपर्यंत खाडीकाठच्या आपल्या झोपडीत दार लावून बसवलं. बाहेर बूट वाजले की मी दारापासून मागे सरकायचे.

पुढच्या आठवड्यात यादीतला पहिला प्रश्न खोडून मी लिहिलं, 'भरतीचं पाणी कोणत्या झाडावर कुठवर चढतं?' सोबत त्याच फांदीचं पान लावलं.

सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "अहो, हा चिखल तसाच?" त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"पुसू नका, सर," मी त्यांचा हात धरला. "त्याच्याखाली मी उभी होते."