टाकीतलं कुमुद

चारचौघांत जे बोलू नये ते सगळं माझा मामा फुलांच्या नावावर खपवायचा. रत्नागिरीच्या एका कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा, आणि घरामागच्या चिऱ्याच्या टाकीत त्याने एक कुमुद वाढवलं होतं. संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या तरी मामा त्यांना आधी टाकीपाशी नेणार. "हे आज पहिल्यांदा उमललंय. आज ही बाई आहे. मधल्या वाटीत रस भरलाय. भुंगा आला की घसरून त्यातच पडणार आणि अंगावर आणलेला पराग धुऊन निघणार. उद्या संध्याकाळी हेच फूल पुन्हा उमलेल तेव्हा रस आटलेला असेल आणि ह्याचाच पराग सुटलेला असेल. म्हणजे उद्यापासून हा बाप्या." बायका तोंडाला पदर लावून मामीकडे पळायच्या. "लाजता कशाला?" मामा मागून म्हणायचा. "केलंय ते फुलाने केलंय."

मी मूळची देवरूखची. अठ्ठ्याण्णव साली कॉलेजसाठी मामाकडे राहायला आले. आळीतले लोक त्याला कमळमास्तर म्हणत आणि त्याचं डोकं फिरे. "कमळ नव्हे गो ते. कमळाचं पान दांड्यावर उभं राहतं, ह्याचं पाण्यावर लोळत पडतं, आळीतल्या पुरुषांसारखं. आणि कमळ सकाळी उमलतं. हे दिवेलागणीला उमलणार नि दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मिटणार. हे मिटतं तेव्हा आमच्या ऑफिसातले क्लार्क उघडतात." मामीची पूजा नेमकी दहानंतर असायची, त्यामुळे तिच्या देवांना त्या फुलाचा काडीचा उपयोग नव्हता.

त्या कुमुदाचा जन्मही काही सोवळ्यातला नव्हता. आई मालगुंडजवळच्या एका तळ्यातली, तांबडी, गावठी. बाप पांढरा, परदेशी, त्याचा कंद मामाने मुंबईच्या कुठल्याशा बागेतून रुमालात गुंडाळून पळवलेला. दोघांचं लग्न मामाने स्वतः ब्रशने लावलं, आणि आलेल्या रोपांतल्या एकाला ताटलीएवढं फिकट गुलाबी फूल आलं. पानं खालून जांभळट, कडा करवतीसारख्या. सगळं छान होतं, फक्त त्याला बी धरेना. आईबापांची गुणसूत्रं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून पराग बहुतेक पोकळच निघतो, असं मामाने मामीला समजावलं. मामी म्हणाली, "मग आधी पत्रिका बघायची होतीत."

मामाला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती, निवृत्त व्हायच्या आत त्या कुमुदाचं एक बी. कंदापासून रोपं व्हायची, पण कंदातून येतं ते तेच झाड, पुन्हा पुन्हा. "बी आलं तर त्यातून काय निघेल ते ब्रह्मदेवसुद्धा सांगू शकणार नाही," मामा म्हणायचा आणि लगेच पुस्ती जोडायचा, "म्हणजे तो असला तर." देवाशी त्याचं अजिबात पटत नसे. मामीच्या देवघराला तो बाहुल्यांचं कपाट म्हणे. तिन्हीसांजेला ती दिवा लावायची तेव्हा हा पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून कमरेएवढ्या पाण्यात उभा, जुन्या फुलाचा पराग नव्या फुलाला ब्रशने लावत. मग त्या फुलावर मामीच्या जुन्या साडीच्या तुकड्याची पिशवी. टाकीकडे बघितलं की दाढदुखीचे पेशंट ओळीने बसलेत असं वाटायचं. आणि दर वेळी फूल पाण्याखाली जाऊन कुजायचं.

मी शेवटच्या वर्षाला असताना श्रावणात एक फूल कुजलं नाही. पाण्याखाली गेलं आणि बुडाशी फुगत फुगत लिंबाएवढं झालं, टणक. मामा रोज पाण्यात हात घालून ते चाचपायचा आणि बाहेर येऊन कोणाशी बोलायचा नाही. दृष्ट लागेल म्हणून घाबरत होता, दुसरं काय.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला पावसाने नुसता धिंगाणा घातला. मूर्ती न्यायला ठरवलेला टेम्पो येईना. समोरचे नाना छत्री घेऊन अंगणात आले नि म्हणाले, "मास्तर, आळीतले सगळे गणपती यंदा तुमच्या टाकीतच सोडू. पाणी ते पाणी."  एवढ्या मूर्तींची शाडूची माती टाकीत विरघळली असती तर फळ त्या गाळात गुदमरलंच असतं.  मामा पोरांना वर्गाबाहेर काढायच्या आवाजात म्हणाला, "नाना, पाहुणा म्हणून आणलेल्या देवाला शेवाळात बुडवणार? समुद्र आटला की काय?"

आणि पाटासकट गणपती डोक्यावर घेऊन तो चालत मांडवीच्या समुद्राकडे निघाला. मी छत्री धरली ती गणपतीवर, मामा आपला भिजतोय. मागून शरमलेली अख्खी आळी आपापले गणपती घेऊन. खरं कारण मामीला ठाऊक होतं. ती ओठ दाबून, तबक पदराखाली धरून चालली होती. किनाऱ्यावर मामा गुडघाभर पाण्यात शिरला आणि मूर्ती सोडायच्या आधी बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, दम लागला असेल.

त्या दिवसापासून आळीत मामा मोठा भक्त ठरला. त्याला ताप भरला तेव्हा नाना स्वतः अंगारा घेऊन आले आणि मामाने तो निमूट लावून घेतला. करतो काय, खरं सांगायची सोय नव्हती.

पुढे काही दिवसांनी फळ मऊ पडलं. मामाने ते परातीत ठेवून ब्लेडने कापलं. आत गिळगिळीत गर आणि रव्यासारखे पांढरे कण. मामाने ते कण चिमटीत धरून उजेडात बघितले, सगळे. एकही भरलेला नव्हता. "एवढं भिजत मांडवीला नेलं लेकाला," तो म्हणाला, "आणि त्याच्याने एक बी देववलं नाही."

मामी पडवीत गवार मोडत बसली होती. "म्हणजे मागितलं होतंत?" तिने विचारलं.

 मामा परात घेऊन उठला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः घासून ठेवली.

निवृत्तीनंतर वर्षभरात मामा झोपेतच गेला. कंद मी माझ्या सासरी खेडला आणलेत. अर्ध्या कापलेल्या पिंपात दर पावसाळ्यात ते फुलतं, बी अजून नाही. मीही ब्रश फिरवून बघते आणि सासूबाई कपाळाला हात लावतात.

मामा गेला तेव्हा नाना भेटायला आले होते. डोळे पुसत म्हणाले, "एवढा भाविक माणूस आळीत दुसरा झाला नाही. त्या पावसात देवासाठी चालत गेले." मला हसू आवरेना. मामीलाही येत असेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"भाविक कसले हो," ती म्हणाली. "जन्मभर नावं ठेवली देवाला. मागितलं ते एकदाच, तेसुद्धा एक बी." मग देवघराकडे बघून म्हणाली, "तेवढं द्यायला काय झालं होतं मेल्याला?"