परतवाड्याच्या जीपचा रकाना

शबनम उभी राहिली तेव्हा माझा फळा भरलेला होता आणि शेवटच्या बाकावर माझं भवितव्य वही उघडून बसलं होतं.

भवितव्य म्हणजे अमरावतीहून आलेल्या तज्ज्ञ मॅडम. शेजारी आमचे प्राचार्य वानखडे सर. परतवाड्याच्या कॉलेजात मी बारावीला अर्थशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितका पगार, सुट्ट्यांत ठणठणगोपाळ, आणि दर जूनला नव्यानं नेमणूक. येत्या जूनची नेमणूक या एका तासावर ठरणार होती. बायकोला मी 'होऊन जाईल' म्हणून सांगून आलो होतो.

फळ्यावर तीन रकाने होते. पहिला भांडवलशाहीचा, मालक खाजगी आणि भाव बाजार ठरवणार. तिसरा समाजवादाचा, मालकही सरकार आणि भावही सरकारचा. मधला मिश्र, दोघांची खिचडी. पहिल्यात अमेरिका, तिसऱ्यात चीन, मध्ये भारत. पोरांना चटकन कळावं म्हणून मी पहिल्यात स्टँडवरची जीप लिहिली आणि तिसऱ्यात एसटी. इथेच माती खाल्ली.

"सर, जीप तिथं नाई बसत," शबनम म्हणाली. तिचे वडील परतवाडा-अमरावती जीप चालवतात.

"का? मालक खाजगी आहे ना?"

"मालक हाये. पण भाडं संघटना ठरवते. गाडी नंबरानं लागते. पुढची भरल्याबिगर मागच्यानं सीट घेतली, तर त्याचा दिवसभराचा नंबर कटते. अब्बाचा दोनदा कटला. यात बाजार कुठी हाये?"

नंबर म्हणजे रांगेतली पाळी. या रांगेत सरकार औषधालाही नाही, पण शिस्त सरकारला लाजवेल अशी.

तेवढ्यात धीरजला जोर आला. "अन् एसटी तरी कुठी पुरी सरकारी हाये, सर? माया काका कंडक्टर हाये. त्यायच्या गाडीचा मालक प्रायव्हेट, ड्रायव्हर बी मालकाचा. सरकारचं फक्त तिकीट अन् काका."

वर्ग हसला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. रेटून पुढं जावं असं क्षणभर वाटलं. पण पोरं बरोबर होती, आणि राग यायच्या ऐवजी मला त्यांचा अभिमानच वाटला. डस्टर उचललं. जीप मध्ये, एसटी मध्ये. मग हात थांबेना. अमेरिकेत शेतकऱ्याला सरकार पैसा देतं, म्हणून तीही मध्ये. चीनमध्ये सत्ता एकाच पक्षाची, पण दुकानदार गिऱ्हाइकासाठी एकमेकांच्या उरावर बसतात. तोही मध्ये. स्वीडनमध्ये कारखाने खाजगी आणि सरकार जबर कर घेऊन शाळा-दवाखान्यांचा खर्च उचलतं. त्यालाही तिथंच कोंबलं.

"सगळेच मध्ये, तर मंग फरक काय?" शबनमनं विचारलं.

"निव्वळ बाजार जगात कुठेच नसतो. कोणाच्या खिचडीत डाळ जास्त, कोणाच्या तांदूळ. तेवढंच बघायचं."

तास संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "पुस्तकात चीन तिसऱ्या रकान्यात आहे. तुम्ही हलवला कसा?"

"पोरांनी हलवला, मॅडम."

अहवालात आलं, 'विषयज्ञान बरे. फळ्याचे नियोजन सदोष. वर्गावर नियंत्रण नाही.'

जूनमध्ये वानखडे सरांनी बोलावलं. टेबलावर माझी ऑर्डर तयार होती. मला भरून आलं.

"सर, तो अहवाल..."

"अहवाल खराबच हाये. पण दोनदा जाहिरात देली, या पैशात दुसरं कोणी यायले तयार नाई. करा सही."

निव्वळ बाजार जगात कुठेच नसतो, असं मी त्या दिवशी वर्गाला सांगितलं होतं. ते दुरुस्त करायला हवं. एक आहे, आणि मी त्यात नोकरी करतो.