किलवरचा गुलाम

सेकंदकाकांना बाजारात सेकंदकाका म्हणतात ते काही उगाच नाही. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, आणि कुणी सहज किती वाजले विचारलं तरी हा माणूस सेकंदासकट सांगणार, वर विचारणाऱ्याच्या मनगटाकडे बघून म्हणणार, तुमचं चार मिनिटं पुढे आहे हो. लोक हल्ली वेळ विचारायला समोरच्या औषधाच्या दुकानात जातात. काकांचं दुकान म्हणजे तरी काय, जिन्याखालची जागा. एक काच लावलेलं टेबल, मान वाकवता येणारा दिवा, आणि उजव्या डोळ्याला भिंग लावून तीस वर्षं तिथेच बसलेले काका. केसाएवढा चरा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्या नजरेचा त्यांना फार तोरा, आणि पुढचा सगळा घोळ त्या नजरेनंच केला.

उन्हाळ्यात बाजार दुपारी एक ते चार बंद असतो. काका एक वाजून सात मिनिटांनी घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि मधल्या खोलीत थंड फरशीवर बैठक मारायचे. जेवणाआधी गुलामचोराचा एक डाव, हा घरचा नेम. खेळ अगदी पोरखेळ. तीन गुलाम डब्यात ठेवायचे, एकटा किलवरचा गुलाम पत्त्यांत सोडायचा. शेजाऱ्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं आणि जोड्या जमवून टाकून द्यायच्या. सगळ्यांच्या जोड्या संपल्या की ज्याच्या हातात बिनजोडीचा गुलाम उरला तो चोर. चोरानं जेवणं झाल्यावर सगळ्यांची ताटं घासायची.

सव्वीस उन्हाळ्यांत काका एकदाही चोर झाले नव्हते. साक्षीला काकू आहेत, कारण हे सव्वीस उन्हाळे त्यांनीच सोसले. "चेहरे वाचायला शिका," काका पानं खाली टाकत म्हणायचे, आणि मग जेवणभर चेहरे कसे वाचावेत यावर त्यांचं व्याख्यान चालायचं. काकू वाढताना भांडी जरा जास्तच आपटायच्या.

आता खरं सांगून टाकतो. चेहराबिहरा काही नाही. किलवरच्या गुलामाच्या पाठीवर, कोपऱ्यापाशी, एक बारीक खूण होती. बाकी कुणाला ती दिसायची नाही, काकांना ती दिव्यासारखी दिसायची. कॅट जुना झाला, नवा आणला, तरी महिन्याभरात त्याच पानावर त्याच कोपऱ्यात खूण हजर. काकांनी त्यावर शास्त्रही बसवलं होतं. हा गुलाम हातात आला की माणूस घाबरतो, अंगठ्याला घाम सुटतो, कोपरा तिथंच झिजतो. झीज दिसते त्याला मी काय करू, डोळे फोडून घेऊ का, असं ते स्वतःच्या मनाला विचारायचे. मन बिचारं काय बोलणार.

बसायच्या जागाही ठरलेल्या. काकांच्या हातातलं पान काकू ओढायच्या, काकूंचं मुलगा, मुलाचं यंदापासून सून, सुनेचं आजी, म्हणजे काकांची आई, आणि आजीच्या हातातलं काका. गुलाम काकांकडे आलाच तर ते पान जरासं वर सरकवून ठेवायचे. काकूंचा एक कान गॅसवरच्या भांड्याकडे, त्या हाताला लागेल ते ओढायच्या. तिथून फिरत फिरत गुलाम आजीकडे यायचा, आणि पुढे काही तो हलायचा नाही. त्यामुळे आजी म्हणजे घरातली पक्की चोर. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, हसत हसत पाटावर बसून ताटं घासायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. डाव म्हणजे डाव, म्हणायची. सगळे तिला चिडवायचे, आणि सगळ्यांत मोठ्यानं काकाच.

एकेकट्याचे खेळ वेगळे. मुलगा फोनवर बुद्धिबळ खेळून यंत्राकडून मार खायचा आणि यंत्रालाच शिव्या द्यायचा. सून शाळेत गणित शिकवायची, तिला उन्हाळ्याची सुट्टी. ती मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची, भिंतीशीही गुण मोजत. काकू शब्दकोडं सोडवायच्या आणि अडलं की चौकोनात मनाचाच शब्द भरून मोकळ्या व्हायच्या. आजी सकाळी खिडकीपाशी एकटीच पत्ते लावत बसायची.

तर यंदा सून घरात नवी. आल्याआल्या तिला दिसलं की पत्ते चिकट झालेत. पोरगी हौशी. तिनं चांगली बावन्न पानं साबणानं धुतली आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घातली. संध्याकाळपर्यंत एकेक पान फुगून उशी झालं. बिचारी रडकुंडीला आली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन नवा कोरा कॅट घेऊन आली. काका म्हणाले, असू दे गं, पत्त्यांचं काय एवढं. मोठ्या मनाचा माणूस.

त्याच दुपारी काका चोर झाले.

काकू जागच्या उठल्या नाहीत, नुसत्या काकांकडे बोट दाखवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा काका. चेहरे वाचून वाचून त्यांनी आजीच्या हातातला गुलाम असा काही आत्मविश्वासानं उचलला की मुलाला पाण्याचा ठसका लागला. आठवड्यात पाच वेळा! काका ताटं घासायचे तेही घड्याळ पुसल्यासारखी, एकेका ताटाला चार चार मिनिटं, आणि मागून काकू सांगायच्या, कडेला राहिलंय बघा. सगळे म्हणाले, आजी सुधारली. आजी मात्र हसत नव्हती. कारण काकांचं जेवण तुटलं होतं. पोट बरं नाही म्हणायचे, ताट तसंच सारून उठायचे. दुकानात एका गिऱ्हाईकाच्या घड्याळाचे काटे त्यांनी उलटे बसवले. तीस वर्षांत पहिल्यांदा. काकांना वाटायला लागलं, आपली नजर गेली. आणि घड्याळजीची नजर गेली की मग त्याचं राहिलं काय?

आठव्या दिवशी डाव रंगला. काकू सुटल्या, मुलगा सुटला, सून तर रोजच सुटायची. उरले काका आणि आजी. काकांच्या हातात चौकटची राणी, आजीच्या हातात दोन पानं. एक राणी, एक गुलाम. काकांनी हात पुढे केला आणि तसाच थांबवला. डावीकडच्या पानाच्या कोपऱ्यात खूण होती.

"कुणीही हलायचं नाही," काका म्हणाले. "पत्त्यांत लबाडी आहे."

त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. ही झीज नव्हे, म्हणाले, झीज अशी नसते. ही नखाची खूण, अर्धचंद्र, ताजी, फार तर आज सकाळची. बोलताना त्यांचं भिंग आपोआप सुनेकडे वळलं, कारण आठवडाभरात ती एकदाही चोर झाली नव्हती. सुनेचा चेहरा पडला. मुलगा काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी शांतपणे विचारलं, "अहो, पण तुम्ही पत्त्यांच्या पाठी कशाला बघत होता?"

काका भिंग घट्ट धरून सुनेकडेच बघत राहिले.

"तिच्याकडे नको बघू," आजी म्हणाली. "मी केली खूण."

काकांना काही कळेचना. आजी पानं खाली न ठेवता सांगत राहिली. लहानपणी हा हरला की जेवायचा नाही, रुसून कोपऱ्यात बसायचा. मग तिनं गुलामाला नख लावायला सुरुवात केली आणि पोरगं जेवायला लागलं. पुढे कॅट बदलले, नख तेच. या नव्या पत्त्यांना गुळगुळीत थर, नख बसेचना, आज सकाळी कुठे जमलं. "आठ दिवस झाले, धड जेवला नाहीस. काय करू मग?"

छप्पन्न वर्षांचा माणूस फरशीवर भिंग लावून बसला होता आणि भिंगाआडचा डोळा भरून आला होता. झीज, घाम, शास्त्र, सगळं पाण्यात. पण त्यांना लागलं ते वेगळंच. सव्वीस वर्षं आपण सुटायचो म्हणजे गुलाम कुणाच्या हातात राहायचा? पाटावर बसून ताटं कोण घासायचं? आणि चिडवायचं कोण?

"माफ कर पोरी," ते सुनेला म्हणाले. मग भिंग खिशात ठेवलं आणि आईच्या हातातलं खुणेचं पान ओढलं. गुलाम.

आजी दचकली. आता तिची पाळी. काकांच्या हातात राणी आणि गुलाम. तिनं चष्मा सारखा केला, खूण शोधली आणि गुलाम परत ओढून घेतला. काकांनी तो पुन्हा ओढला. आजीनं पुन्हा. मायलेक एका गुलामासाठी असे हट्टाला पेटले की मुलगा मोजायला लागला. सहा वेळा तो इकडून तिकडे गेला. काकू म्हणाल्या, जेवण निवून गोळा झालं, काय ते एकदाचं ठरवा.

सातव्यांदा काकांनी गुलाम ओढला, दोन्ही पानं पाठीमागे नेऊन पिसली, आणि आईपुढे धरताना दोन्ही कोपऱ्यांवर अंगठे घट्ट दाबून ठेवले.

"अंगठे काढ," आजी म्हणाली.

"नाही काढत. ओढ."

आजीनं बराच वेळ मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एक पान ओढलं. राणी आली. जोडी झाली, आजी सुटली, आणि किलवरचा गुलाम काकांच्या हातात राहिला. कुणी हसलं नाही. आजीनं धास्तावून विचारलं, "आता जेवशील ना रे?"

काकांनी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं, आणि मग पाचही ताटं उचलून मोरीकडे गेले.